नव्या खात्यात तुझं नाव नाही

खराबवाडी, चाकण
गुरुवार, १७ जुलै २०२५

प्रिय सौ. दीपमालास,
गणराजचा स. न. वि. वि.

तू आणि इंदू उदगीरला पोचल्याचं तुझ्या बाबांनी खोलीतल्या प्रितमच्या फोनवर एका वाक्यात सांगितलं, त्याला महिना झाला. त्यानंतर तुझा आवाज नाही. माझा फोन विकून टाकला, तुझा नंबर वसुलीवाल्यांना पाठ म्हणून तूही बंद ठेवलास, आणि बाबांच्या फोनवर करायची माझी हिंमत होत नाही. शेवटी आज सुट्टी होती तर चाकणच्या पोस्टात जाऊन पाकिटं घेऊन आलो. आयटीआयला असताना घरी अण्णांना पत्रं लिहायचो, त्यानंतर आजच. अक्षराला हसू नकोस. प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्रा दाबणाऱ्या हाताचं अक्षर आहे हे.

इथं एका खोलीत आम्ही चौघं राहतो. दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला, त्यामुळे गाद्या दोनच लागतात. मी उठलो की माझ्या गादीवर प्रितम झोपतो. माझ्याच लाइनवरचा आहे, जळगावकडचा. पोरगा गुणाचा, फक्त झोपेत सुपरवायझरला उलट उत्तरं देतो. जागेपणी एकदा दिली असती तर आमचं सगळ्यांचं भलं झालं असतं.

आता कामाचं. पिंपरीत कर्जात अडकलेल्यांना सल्ला देणारं एक केंद्र आहे, पैसे घेत नाहीत. तिथल्या स्वरूपा मॅडम आपल्यापेक्षा लहान असतील, पण समोरच्याला खाली बघायला लावत नाहीत. अण्णांच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं बँकेचं लोन, मग कंपनीची लाइन बंद होती तेव्हा वापरलेलं कार्ड, आणि कार्ड भरायला घेतलेली मोबाइलवरची ती दोन कर्जं. या सगळ्यांशी त्या स्वतः बोलल्या. आता सगळ्यांचा मिळून महिन्याला एकच हप्ता केंद्रात भरायचा, ते वाटून देणार. व्याज बरंच कमी केलंय आणि हप्ता वेळेवर गेला तर वसुलीचे फोन थांबणार. साडेतीन वर्षं चालेल. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर मात्र ठरलेलं सगळं मोडणार.

त्याआधी पगाराचं खातं बदलावं लागतंय. ज्या बँकेत पगार पडतो तिचंच लोन आणि कार्ड आपण थकवलंय, म्हणून पगार पडला की ती आधी स्वतःचं कापून घेईल आणि हप्त्याला काही उरणार नाही. जिथं आपण काहीच देणं लागत नाही अशा बँकेत खातं काढून पगार तिकडं वळवायचा. मॅडम म्हणाल्या, खातं एकट्याच्याच नावावर काढा. म्हणून कळवतो, नव्या खात्यात तुझं नाव नाही.

इंदू शाळेत रुळली का? संध्याकाळी शेजारच्या खोलीतली मुलगी मोठ्यानं पाढे म्हणते. ती सातावर अडखळते, इंदू आठावर अडखळायची.

दोन ओळी तरी टाक. एक ओळ टाकलीस तरी मी तिला दोन समजेन.

तुझा,
गणराज

*

उदगीर
२५ जुलै २०२५

ति. इंदूच्या पप्पांना,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांच्या हातात पडलं. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं. वसुलीवाल्यांनी त्यांना फोनवर जे ऐकवलं ते अजून त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, कुणाचे सुट्टे पैसे बाकी ठेवले नाहीत, आणि म्हातारपणी कुणीतरी पोरगा त्यांना चोराचा सासरा म्हणतो. त्यांचा राग तुमच्यावर आहे की त्या पोरावर, हे त्यांनाच सांगता येणार नाही.

मी गणवेश शिवायच्या दुकानात लागले आहे. नगावर पैसे देतात. इंदू शाळेत रुळली, आठाचा पाढा नाही रुळला. रहाटणीच्या आपल्या खोलीचा पत्ता तोंडपाठ म्हणून दाखवते, मग मीच विषय बदलते.

एक सांगू? इथं आल्यावर पहिला आठवडा माझा फोन चालू होता आणि तुमचा अजून विकला नव्हता. आपल्या जॉइंट खात्यातून तुम्ही काही घेतलं की मला मेसेज यायचा. सकाळी चहाचा मेसेज आला की कळायचं, उठले, कामावर निघाले. दुपारी काहीच आलं नाही की समजायचं, कॅन्टीनमध्ये जेवले. एका रात्री वडापावाचा आला तेव्हा इतका राग आला, म्हटलं ॲसिडिटी होते माहीत असून खातात. कोकणे चौकातल्या केळीवाल्याचाही एकदा आला. चाकणला राहणारा माणूस रहाटणीला केळी घ्यायला कशाला जातो, हे विचारणार होते, तर दुसऱ्याच दिवशी फोन बंद करावा लागला. रक्कम कधी बघितली नाही मी. तुम्ही कुठं आहात एवढंच बघायची.

आता त्या खात्यातून तुम्ही निघालात. मॅडमचं बरोबरच असेल. पण ते खातं काढायला तुम्ही मला ओव्हरटाइम बुडवून नेलं होतं, आठवतं? सही करताना माझं आडनाव चुकलं, नवीन होतं ना, आणि तुम्ही बँकेत सगळ्यांसमोर हसलात. त्याच नावाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहून टाकलंत. कारण तरी लिहायचं.

शिलाईचे साठवलेले माझे पैसे त्याच खात्यात पडून आहेत. ते काढून घेऊ का, लवकर कळवा.

जेवण टाळू नका. प्रितमभावजींना सांगा, झोपेत का होईना, आमच्यातर्फेही सुपरवायझरला दोन शब्द सुनवा.

तुमची,
दीपमाला

*

खराबवाडी, चाकण
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

प्रिय सौ. दीपमालास,
स. न. वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय, कारण वेळ नाही. बातमी चांगली नाही, ती आधी सांगून टाकतो.

आज पगार जुन्याच खात्यात पडला. सकाळी एटीएमवर गेलो तोवर बँकेनं थकबाकीपोटी सगळा वळता करून घेतला होता. तुझे शिलाईचे पैसेही गेले. तू विचारलं होतंस, काढून घेऊ का. पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर टाकलं असतं तर ते वाचले असते, पण डबल शिफ्ट होती म्हणून मी सुट्टीपर्यंत थांबलो. बँकेत जाऊन सांगितलं की ते पैसे बायकोच्या कष्टाचे आहेत. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले की जॉइंट खात्यात कुणाचे कुठले ते वेगळं करता येत नाही. याचसाठी मॅडमनी तुझं नाव नव्या खात्यात घालू नका म्हटलं होतं. माझ्या देण्याला तुझं काही चिकटू नये म्हणून. हे कारण मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

म्हणजे पहिला हप्ता चुकला. मॅडमनी कर्ज देणाऱ्या सगळ्यांना कळवून सांभाळून घेतलं, पण पुढचा चुकला तर त्यांच्याही हातात काही राहणार नाही.

नवं खातं मात्र अडलंय. गेल्या गुरुवारी बँकेत गेलो, तर मशीनवर माझा अंगठाच उमटेना. प्रेसवर काम करून रेषा गेल्यात. दहाही बोटं लावून बघितली. मग म्हणाले, आधारला जो नंबर जोडलाय त्यावर ओटीपी येईल तो सांगा. तो नंबर म्हणजे माझा जुना, वसुलीवाल्यांच्या भीतीनं बंद केलेला. त्याचं सिम तू इंदूच्या जन्मदाखल्याच्या पाकिटात ठेवलं होतंस, तुझ्याबरोबर उदगीरला गेलंय. पोस्टानं मागवून परत बँकेत जाईपर्यंत महिना हातचा जाईल. वीस तारखेच्या आत कंपनीत नवा खातेनंबर दिला तरच पुढचा पगार तिकडं पडणार.

तेव्हा एवढं कर. ते सिम तुझ्या फोनमध्ये टाक आणि छोटा रिचार्ज मार. १४ तारखेला गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी बँकेतून, प्रितमच्या फोनवरून, बाबांच्या नंबरवर फोन करतो. तुझ्या फोनवर आकडे येतील ते वाचून दाखव. सिम सुरू केलंस की वसुलीवाले तुटून पडतील. उचलू नकोस. बाबांना फोन मागणं तुला जड जाईल ते कळतं. दुसरा रस्ता असता तर हे सांगितलं नसतं.

इंदूला माझ्याऐवजी तूच जवळ घे.

तुझा,
गणराज

*

उदगीर
१४ ऑगस्ट २०२५

ति. इंदूच्या पप्पांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन ठेवलात त्याला तास झाला. दुकानात रजा टाकली आहे. हात मोकळे झाले आणि दुसरं काही सुचेना, म्हणून लिहायला बसले.

काल रात्री बाबांना सांगितलं, उद्या तासभर तुमचा फोन लागेल. कशाला ते विचारलं, मी सगळं सांगितलं. ते नुसते हं म्हणाले. सकाळी बघते तर धुतलेला शर्ट घालून, फोन पूर्ण चार्ज करून ओसरीवर बसलेले.

मी सिम टाकलं आणि फोन थरथरायला लागला. मेसेजांवर मेसेज. कितीतरी मी न वाचता पुसले, पण डोळे जातातच ना. मग फोन सुरू झाले. पहिला कापला, दुसरा कापला. ओटीपी त्याच फोनवर येणार म्हणून बंदही करता येईना. तिसऱ्या वेळी बाबांनी हात पुढं केला आणि फोन माझ्याकडून घेऊन कानाला लावला. पलीकडचा माणूस पहिल्या शब्दापासूनच सुरू झाला. मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. तुमच्याबद्दल, माझ्याबद्दल, शेवटी इंदूचं नाव घेऊन. बाबांनी त्याला संपेपर्यंत बोलू दिलं. मग सांगितलं की मी त्याचा सासरा बोलतोय, माझा जावई मशीनवर बोटं झिजवून पैसे फेडतोय, ते केंद्रातून येतील, बोलायचं असेल तर तिथं बोल, माझ्या नातीचं नाव पुन्हा तोंडात घेतलंस तर मी तक्रार नोंदवायला निघालोच आहे असं समज. आणि फोन ठेवला.

नंतर त्यांनी मला विचारलं, गणराजला हे रोज ऐकावं लागायचं का. मी म्हटलं, रोज, कामावरसुद्धा. आईनं पाणी दिलं ते तसंच राहिलं.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर तुम्ही आलात. त्यांनीच उचलला. त्यांनी तुम्हाला जेवलात का विचारलं. सकाळी अकराला! तुम्ही काय उत्तर दिलंत ते त्यांनी सांगितलं नाही, फोन माझ्या हातात दिला.

मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. इंदू एका पायावर लंगडी घालत अख्खं अंगण पार करते, ते सांगायचं होतं. तुमचा खोकला गेला का, विचारायचं होतं. आणि तुम्ही म्हणालात, आला का. मी आकडे वाचले. घाईत शेवटचे दोन उलटे झाले. मागून बँकेतली बाई चुकलं म्हणाली, दुसरा पाठवते म्हणाली. तो येईपर्यंत आपण दोघंही गप्प. बँकेतला पंखा ऐकू येत होता, आणि तुमचा श्वास. मी बोलले असते तर रडले असते, आणि रडले असते तर आकडे दिसले नसते. मग दुसरा आला, मी एकेक करून सहा आकडे वाचले, तुम्ही म्हणालात झालं, ठेवतो. मी फोन कानाला तसाच धरून बसले.

दोन महिन्यांनी नवऱ्याशी बोलायला मिळालं आणि बोलले काय, तर आकडे.

माझ्या पैशाचं मनाला लावून घेऊ नका. मशीन आहे, हात आहेत. सिम परत पाकिटात घातलं आहे.

सात तारखेला काय होतं ते कळेपर्यंत इथं कुणाला चैन पडणार नाही. कुणाला म्हणजे बाबांनाही.

तुमची,
दीपमाला

*

रहाटणी
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दीपमाला हिला,
रुक्मिणीबाईचे लई लई आशीर्वाद. वि. वि.

पोरी, तुजी घरमालकीन पत्र लिवती म्हून दचकू नगंस. भाडं मागाया लिवलं न्हाई. सातवीपस्तोर शिकल्याली हाय म्या, पन लिवायची सवं मोडली, तवा चुकलंमाकलं संबाळून घे. पत्ता तुज्या नवऱ्याकडनंच घेतला. इंदूला झबलं धाडायचं हाय असं खोटंच सांगितलं. त्यो पन येडा, सात वरसाच्या पोरीला कसलं झबलं, येवढं बी त्याच्या ध्यानात आलं न्हाई.

तुला ठावं न्हाई म्हून सांगती. तुजा गणराज दर बिस्तरवारी हितं येतो. तुमच्या खोलीत आता आयटीतली दोन पोरं ऱ्हात्यात. त्यो वर जात न्हाई. खाली पायरीवं बसतो. कोकणे चौकातनं चार केळी आनतो, पयल्यासारकी, आन माज्या हातात देतो. म्या इचारलं कशापायी येतूस, तर म्हनला टपाल आलंय का बगाया. आरं, टपाल तर आता चाकनला येतंय की तुजं. पन म्या बोलली न्हाई. मानसाला कुटंतरी बसाया लागतं. भाकरी वाडली तर निम्मी खातो. गणपतीत आरतीला हुता, तर इंदूच्या वयाच्या पोरी नाचत हुत्या त्या बगून मागल्या मागं निगून गेला.

ती वसुलीची दोन मानसं, दारात आल्याली, परत आली न्हाईत. आमी हाओत हितं.

आता माजं आयक. माजं म्हायेर चऱ्होली. माजा भाऊ भिमाजी तितंच ऱ्हातो. चारी अंगानं बिल्डिंगी उठल्यात, पन त्याची घराम्होरची जागा तेवडी ऱ्हायलीया. मागल्या अंगाला दोन खोल्या बांदल्यात, एक रिकामी हाय. पानी हाय, नळाला सकाळचं येतं. भाडं हितल्या निम्मं. डिपाजिट मागायचं न्हाई असं म्या त्याला बजावलंय. शाळा जवळच हाय.

तुमचं देनंघेनं तुमाला ठावं. म्या आडानी बाई. पन पैसं वाचवाया म्हून मानसं लांब ठिवायची ह्ये मला पटत न्हाई बाई.

इंदूला जवळ घेऊन मुका दे. आन मनात आलं तर कळीव, न्हाई आलं तरी कळीव.

तुजी,
रुक्मिणीबाई

*

खराबवाडी, चाकण
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

प्रिय सौ. दीपमालास,
स. न. वि. वि.

झालं! सात तारखेला रविवार होता म्हणून पगार आठला पडला, पण नव्या खात्यात पडला, पूर्ण. दुपारच्या सुट्टीत एटीएमला गेलो, दोनदा बघितला. काल हप्ता गेला. मॅडमनी केंद्रातून कंपनीच्या फोनवर निरोप ठेवला की भरणा पोचला.

ही बातमी पहिली तुला सांगायची होती. सांगायला कुणी नाही म्हणून मी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या टेम्पोवाल्याला सांगितली. त्यालाही हप्ते असतील, अभिनंदन म्हणाला.

बाबांना सांग. त्या दिवशी त्यांनी जेवलात का विचारलं तेव्हा माझ्या तोंडून हो निघालं. खरं म्हणजे मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

लंगडीचं वाचून मी खोलीतल्या खोलीत लंगडी घालून बघितली. प्रितम जागा झाला.

तुझा,
गणराज

*

उदगीर
१९ सप्टेंबर २०२५

ति. इंदूच्या पप्पांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी मला द्यायच्या आधी नुसतं हातात तोलून बघितलं आणि म्हणाले, हलकं लागतंय, चांगली बातमी असेल. वाचून दाखवलं तर उठून आत गेले आणि आईला चहा टाकायला सांगितला.

मीही इथल्या बँकेत खातं काढलं. एकटीच्या नावावर. त्यात तुमचं नाव नाही, बरं का! कसं वाटतं ते आता तुम्हीही बघा. सही एका दमात केली, आडनाव चुकलं नाही.

आता भांडते. टपाल बघायला दर गुरुवारी रहाटणीला जाता म्हणे. चार केळी घेऊन. मला इकडं त्यातलं अवाक्षर नाही. मला रुक्मिणीआजींनी सगळं कळवलं आहे, त्यांच्यावर रागावू नका. पत्र वाचून मी दुकानातच तोंडावर कापड धरलं, बाईंना वाटलं सुई लागली.

चऱ्होलीच्या खोलीचं तुम्हाला ठाऊकच असेल, आजींनी तुम्हाला सांगितलं नसेल असं होणार नाही. आणि तुम्ही मला लिहिलं नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर इंदूचं नाव तिकडच्या शाळेत घालता येईल, इथल्या बाई दाखला द्यायला तयार आहेत. तिथं एवढ्या सोसायट्या होताहेत, ब्लाउज आणि फॉल-पिकोला गिऱ्हाईक मिळणारच. मशीन मी बसच्या टपावर टाकून आणेन. तुमच्या मॅडमना विचारा, महिन्याच्या खर्चात आम्ही दोघी बसतो का. त्या नाही म्हणाल्या तर मी गप्प बसेन. तुम्ही नाही म्हणालात तर बसणार नाही.

तुमची,
दीपमाला

*

खराबवाडी, चाकण
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय सौ. दीपमालास,
स. न. वि. वि.

कंपनीत आज मशीनची पूजा झाली, पेढा मिळाला. अर्धा खाल्ला. उरलेला कुणाला द्यायचा ते सुचेना, म्हणून मग तोही खाल्ला.

मॅडमना विचारलं. त्यांनी सगळा खर्च पुन्हा मांडला. तुझी शिलाई चालली आणि कुणी आजारी पडलं नाही तर बसतं, असं म्हणाल्या. चऱ्होलीहून मोशीपर्यंत सायकलनं गेलो तर तिथून कंपनीची बस आहे. तेव्हा मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. नाही मी म्हणतोय.

रहाटणीला त्या दिवशी मी शिफ्टला होतो, तू पिंपरीला दोरा आणायला गेली होतीस. ती दोन माणसं दारात येऊन बसली आणि इंदू शाळेतून आली. पाहुणे आलेत असं समजून तिनं दप्तर पाठीवर असतानाच त्यांना पाणी नेऊन दिलं. हे तिनंच मला रात्री सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. मी तिला शाबास म्हटलं. त्यानंतर एकही दिवस असा गेला नाही की ते मला आठवलं नाही.

हप्ता एकदा जरी चुकला तरी तेच दार, तीच पायरी. अजून तीन वर्षांच्या वर आहे. तिकडं तिला अंगण आहे, आजी-आजोबा आहेत. मला तुम्ही हव्यात, किती ते लिहायला लागलो तर पाकिटाला जास्तीचं तिकीट लागेल. पण मला हव्यात म्हणून येऊ नका. दिवाळीला मी येणार नाही. सुट्टीतल्या कामाचा दुप्पट पगार आहे.

सोनं म्हणून आपट्याचं एक पान पाठवतो. इंदूला दे.

तुझा,
गणराज

*

उदगीर
३० ऑक्टोबर २०२५

ति. इंदूच्या पप्पांना,
सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. तुमच्या पत्राला मुद्दाम उशिरा उत्तर देते आहे. लगेच लिहिलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं.

पाण्याचं वाचून मी इंदूला सहज विचारलं, ती माणसं आठवतात का. आठवतात म्हणाली. एका काकांनी दुसऱ्यांदा ग्लास भरून मागितला आणि त्यांची चप्पल तुटलेली होती. बस. तिच्यासाठी ते तहानलेले दोन काका होते. लाज धरून बसलो आहोत ते तुम्ही आणि मी. तुम्ही तिला शाबास म्हणालात ते बरोबरच होतं.

आता जे सांगते ते सांगायचं नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसलो होतो. इंदूला पापड हवा होता. तिनं बाबांकडं बघून चुकून पप्पा म्हणून हाक मारली. लगेच आजोबा म्हणाली, स्वतःच हसली, पापड घेतला. पण बाबांचा घास हातातच राहिला. आई उगीचच आत गेली. मी ताटाकडं बघत राहिले. त्या दिवशी बाबा दुपारी झोपले नाहीत.

काल ते सकाळी स्टँडवर जाऊन आले. माझ्या मशीनवर तिकिटं ठेवली आणि म्हणाले, मागच्या सीटवर धक्के फार बसतात म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागच्या घेतल्यात. तीन आहेत. तिसरं त्यांचं. खोली स्वतः बघणार म्हणतात, नळाला पाणी किती वेळ येतं ते भिमाजींना विचारणार, आणि तुमच्या मॅडमना एकदा भेटून नमस्कार करणार. मी म्हटलं, बाबा, त्यांनी येऊ नका लिहिलंय. ते म्हणाले, त्यानं त्याचं काम केलं, आपण आपलं करू.

हप्ता चुकेल का? चुकूही शकतो. मी रोज शिवेन, तुम्ही रोज जाल, तरी चुकू शकतो. चुकला तर मॅडमना आपण दोघं मिळून भेटू. दारात कुणी आलं तर दार मी उघडेन. ही तीन वर्षं कशी जातील मला माहीत नाही, पण ती जातील तेव्हा इंदू दहा-अकराची झालेली असेल आणि तोवर तुम्ही तिच्यासाठी फक्त अक्षर असाल, तेही वेडंवाकडं. एवढ्या सगळ्या खर्चात हा कुणी धरलाच नाही, मॅडमनीही नाही.

रुक्मिणीआजींना वेगळं पत्र टाकलं आहे, खोली घेतो म्हणून. शाळेचा दाखला मिळाला. माझं मशीन बाबांनी गोणपाटात शिवून तयार ठेवलं आहे.

बुधवारी, ५ तारखेला संध्याकाळी निघतो. गुरुवारी सकाळी नाशिक फाट्यावर उतरू. तुमची सुट्टी म्हणूनच तो दिवस धरला. इंदूनं विचारलं आहे की पप्पा मला ओळखतील का, कारण तिचे पुढचे दोन दात पडलेत. मी हो म्हणून सांगितलं आहे.

दरवेळी मी उत्तर पाठवा म्हणून मागं लागते. या पत्राला मात्र पाठवू नका. ते इथं पोचेल तेव्हा घ्यायला मी नसेन.

तुमची,
दीपमाला